चिंचोटीच्या कड्यावरचा पाठमोरा

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
२० मे २००३

चि. प्रितेश यास हंसाताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. उकाडा असा की गच्चीत वाळत घातलेले पापड काढायला गेले की तळून झालेत असं वाटतं. गावच्या घराची कौलं परतायला घेतलीत, म्हणून अप्पा महिनाभर माझ्याकडे आलेत. इथल्या सगळ्या इमारती सारख्याच. अप्पा एकदा चुकून शेजारच्या विंगमध्ये शिरले आणि त्या लोकांकडे चहा पिऊन, त्यांच्या सुनेला कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडायला शिकवून परत आले.

तुझ्या कंपनीच्या माणसाने आणून दिलेले पास मिळाले. पाकिटावरचं अक्षर तुझं नव्हतं. ते राहू दे.

शुक्रवारी तुमचा सिनेमा पाहिला. मी, तुझे भावोजी, शेजारची फ्लॉसी आणि अप्पा. हो, अप्पा! तू घर सोडल्यापासून ते तुझं नाव घेत नाहीत, 'तो सिनेमावाला' म्हणतात, तरी आले. कारण घरची वीज गेली होती आणि थिएटरला जनरेटर आहे असं फ्लॉसीने सांगितलं. कलेची ओढ वगैरे समजू नकोस.

बाहेर पोस्टर केवढं! 'उन्हाळ्यातला सर्वांत मोठा स्फोट, सर्वांत मोठं हास्य.' स्फोट झाले, खोटं कशाला बोलू. कामणची गोदामं उडाली, ट्रक उडाले, केळ्यांची गाडी उडाली, आणि प्रत्येक स्फोटानंतर तुमचा हिरो कॉलर झटकून एक विनोद करायचा आणि थांबायचा. आम्ही हसावं म्हणून. त्या थांबलेल्या वेळात पंख्यांची कुरकूर स्पष्ट ऐकू यायची. मागून कोणीतरी ओरडलं, "लाईट लाव रे, निदान एकमेकांची तोंडं बघून हसू!" तेवढा एक हशा झाला, पण तो तुमच्या खर्चातला नाही.

फ्लॉसी म्हणाली, "हंसा, वर्षभर पहाटेच्या मिस्साला जाते गं मी. ते सगळं पुण्य इथे संपलं."

भावोजी पहिल्या स्फोटाला झोपले. मध्यंतराला उठवलं तर म्हणाले, "संपला? बरा होता."

मग मध्यंतरानंतर चिंचोटीचा धबधबा आला. खलनायकाची माणसं मागे, कड्यावर हिरो पाठमोरा, पांढरेशुभ्र बूट, खाली पाणी. आता उडी मारणार. आणि उडी मारण्याआधी त्याने काय केलं ठाऊक आहे? उजव्या पायाचा तळवा डाव्या पोटरीला घासला, डाव्याचा उजव्या पोटरीला.

थिएटरात दोघं-तिघं हसले. कोणाला वाटलं विनोद आहे, कोणाला वाटलं मुंगी चावली.

अप्पा खुर्चीतून उभे राहिले.

खाजणातल्या खाडीच्या चिखलातून येऊन बांधावरचा चर ओलांडायचा, तर आधी तळव्याचा गाळ पोटरीला पुसायचा, नाहीतर पाय घसरतो. अप्पांनी तुला शिकवलं तेव्हा तू एवढासा होतास. जमेना म्हणून रडायचास. पांढरे बूट घालून, चिखल नसलेल्या खडकावर, हे कोण करणार रे? तुमच्या हिरोला खाजण म्हणजे काय ते तरी माहीत असेल का?

पाठमोऱ्या माणसाने उडी मारली. पुढच्याच क्षणी हिरो पाण्यातून वर आला, केसांचा भांगसुद्धा न मोडता, आणि त्याने विनोद केला. मागचे लोक 'बस कर' म्हणून ओरडायला लागले. अप्पा उभेच. मागच्याने सांगितलं, "आजोबा, बसा की." अप्पांनी मला विचारलं, "यो तर दुसराच वर आला. आपला खय गेला?"

मी म्हटलं, "अप्पा, सिनेमा आहे."

"पानी सिनेमाचा न्हाय," अप्पा म्हणाले.

तू मला कंपनीच्या ऑफिसात हिशेब लिहितो म्हणून सांगितलंस, हिरोच्या जागी उड्या मारतो म्हणून नाही. गेल्या पावसाळ्यात चिंचोटीला होतास म्हणजे घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतास, आणि आला नाहीस. गणपतीला आला नाहीस. दिवाळीला फोनवर म्हणालास, "ताई, खुर्चीतून उठायला होत नाही." मी हसले होते. कामाचा व्याप म्हणतोस असं वाटलं, पायाचं म्हणतोस हे कुठे सुचलं!

जाऊ दे, गमतीचं सांगते. शनिवारी अप्पा गायब. सगळ्या विंगा शोधल्या, चहाची सगळी घरं पालथी घातली. संध्याकाळी आले. रविवारी पुन्हा तेच. काल मी मागोमाग गेले, तर स्वारी थिएटरच्या रांगेत! रांग कसली म्हणा, एकटेच होते. मध्यंतरानंतर आत जायचं, धबधबा बघायचा आणि उठून बाहेर यायचं, असा त्यांचा नेम झालाय. डोअरकीपर मला म्हणाला, "मॅडम, मालकांनी तुमच्या वडिलांचा सत्कार करायला हवा. हा सिनेमा एवढा आवडलेला दुसरा माणूस भेटला नाही." त्याने अप्पांना विचारलंसुद्धा, "आजोबा, काय बघता हो यात?"

अप्पा म्हणाले, "सगला फुकट हाय. पन एक मानूस बरा हाय मधे. पाय पुसून उडी मारतो."

डोअरकीपरनेच सांगितलं की पब्लिक येत नाही, गुरुवारी सिनेमा उतरतोय. आज सकाळी मी कोलीम निवडत होते, तर शेजारी येऊन बसले आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. म्हणाले, "हंसा, प्रितेशला लिव. शुक्रवारपासना मी त्याला खय बघू?"

पुढे काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून बेसिनकडे गेले.

लंगडत ये, काठी घेऊन ये, कोणाच्या खांद्यावर हात टाकून ये. वीज नसली तर जिन्याने वर आणायला भावोजी आहेत. तेवढ्यापुरते जागे ठेवीन. हिशेब लिहितो हे अप्पांना मीही सांगितलं होतं, तेव्हा बोलणी दोघांनी मिळून खाऊ.

त्यांना तो सीन पुरा बघायचाय. पाण्यातून आपला माणूस वर येतो तिथपर्यंत.

दार उघडं ठेवलेली,
हंसाताई

ता. क. आमची विंग 'सी'. अप्पांनी ओळखू यावी म्हणून गेटच्या दांडीला कोलीम पकडायची जुनी जाळी बांधलीय. सोसायटीने नोटीस काढली आहे. तू येईपर्यंत ती सोडणार नाही, असं त्यांनी सेक्रेटरीला कळवलंय.