आईच्या चटणीतलं मीठ

तीर्थरूप आक्कास,

साष्टांग नमस्कार. आजऱ्यात तुम्ही सगळी बरी असालच. दाजींचा गुडघा कसा हाय? (लेप पुरे म्हणावं, डॉक्टरला दाखवा.) इकडं आम्ही खुशाल हाय असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहितो, पण खुशाल कुणीच न्हाय. फोन करत न्हाय, कारण आईचे डोळे अधू झाले तरी कान शाबूत हायत.

वर्षाची चटणी झाली. डंकावरनं कुटून आणलेली, आईनं स्वतः कालवलेली. तुझा डबा पोचला असेल. (उघडला नसलास तर उघडू नकोस.) कालवताना शेजारची झुंबरबाई गप्पा मारत बसली आणि त्या नादात आईनं मीठ दोनदा घातलं. आमच्या क्रांतीनं बोट लावून चाखलं आणि तोंड धरून मोरीकडं पळाली. पण आईला सांगणार कोण? मागंच म्हणाली हुती, चटणी बिघडली की समजायचं, माझं संपलं.

क्रांती म्हणाली, थोडी बिनमिठाची कुटून आणून मिसळूया. पण बायकोचं ऐकलं तर मी नववीचा विज्ञानाचा मास्तर कसला! मिश्रणाचे घटक वेगळे करणे, हा धडा शिकवून माझे केस पांढरे झाले. मीठ पाण्यात विरघळतं, चटणी न्हाय. गाळलं की झालं! आई कागलला मावशीकडं गेली, तेवढ्यात सगळी चटणी पातेल्यात ओतली (थोडी करून बघावी एवढी अक्कल कुठली!), ढवळली आणि निवळायला ठेवली. निवळते कुठली! तेल वर आलं, त्याच्यासंगं रंग गेला. नव्या धोतरातनं गाळलं, तर खाली लालभडक पाणी आणि वर भुसा. मिठाबरोबर चवही पाण्यात उतरते, हे पुस्तकात कुठं लिहिलंय? म्हटलं, पाणी आटवून चव तरी परत मिळवू. आक्का, अख्खी गल्ली खोकत बाहेर आली! समोरचे हंबीरराव सिलिंडर फुटला म्हणून बनियनवर रस्त्यात. तळाला राहिलं ते लाल मीठ. भुसा गच्चीवर वाळत घातलाय, त्याला कावळासुद्धा शिवंना. मी पार खचलोय. आता वर्गात कुठल्या तोंडानं तो धडा घेऊ?

दाजींना नमस्कार, राजवीरला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
उदयसिंह

ता. क. तुझा डबा गुपचूप परत पाठव. खारट का असंना, चटणी हाय. क्रांती म्हणत हुती तसंच करतो.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधीच आई आली, गच्चीवर गेली, चिमूटभर तोंडात टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोटं पदराला पुसली. मग क्रांतीला म्हणाली, पुढच्या साली तूच कर बाई, माझ्या हाताची चव गेली. मी धुतली म्हणून सांगितलं, तर म्हणते, आईला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस व्हय रं? चटणी कुणी धुतंय का?

आक्का, डबा पाठवू नको, तूच घेऊन ये. तिच्यासमोर बसून भाकरीसंगं खा आणि म्हण, आई, हात अजून तस्साच हाय की गं. डोळ्यांत पाणी आलं तर तिखटाचं हाय म्हण. पाण्याचा तांब्या घेऊन मी मागं उभा राहतो.