गिटारपुढे ठेवलेली सुपारी

पुणे, ऑक्टोबर २००३

आई,

इथूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. दमलेय, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे? माळ्यावर एकटी चढू नकोस.

ऑर्केस्ट्रात ढोलकीपुढे माझी गिटार ऐकूच जात नाही. पिकअप बसव, नाहीतर दुसरा वादक बघतो, असं मालक म्हणालेत. पिकअप म्हणजे तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा छोटा तुकडा. दुकानं फिरून पाय दुखले. मधल्या गोल भोकावर अडकवायचा पिकअप सोपा, पण आवाज पत्र्यासारखा. तारा टेकतात त्या पट्टीखाली बसणारा गोड वाजतो. मात्र आवाज वाढवणाऱ्या त्याच्या प्रीअँपच्या डबीसाठी गिटारची कूस चौकोनी कापावी लागते. बाबांची गिटार गं ती!

झाड तोडायच्या आदल्या सांजेला बाबा बुंध्याशी सुपारी ठेवून त्याची परवानगी मागायचे. आज मीही गिटारपुढे सुपारी ठेवली. हसू नकोस. उद्या कापून घेते.

मांडवीच्या कार्यक्रमात तू पार मागे बसली होतीस. ‘किती छान वाजवलंस’ म्हणालीस. त्याची कॅसेट परवा ऐकली. तीत मी कुठेच ऐकू येत नाही, आई.

पुढच्या वेळीही मागेच बस.

तुझी,
सावनी