वहिनींचे छप्पन्न

११ जानेवारी १९७१
प्रयोगासाठी सहावं माणूस मिळालं! दोन शिपाई, तीन हॉस्टेलची मुलं आणि आमच्या वहिनी. दादा उखडला – "हे काय भलतंच!" पण वहिनी म्हणाल्या, "मी येते. मुकुंदाचं काम अडायला नको." मी नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून माझं सगळं त्यांनीच केलं.
सात दिवस साधं जेवण, पुढचे सात दिवस त्याच जेवणात ओख्याच्या किनाऱ्यावरून आणलेल्या हिरव्या समुद्रशेवाळाची पूड. त्यातली किती प्रथिनं अंगी लागतात आणि किती विष्ठेतून वाया जातात, एवढंच बघायचं. मोजून दिलेल्या ताटाखेरीज कुणी तोंडात काही घालायचं नाही.

१३ जानेवारी
विष्ठेचे डबे! हॉस्टेलची मुलं टेबलावर आपटतात आणि हसतात. वहिनी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधून बसने येतात, डबा दोन वर्तमानपत्रांत गुंडाळलेला, वर पिशवी. माझ्याकडे बघत नाहीत. मीही बघत नाही. वहिनींचा डबा दिराने तोलायचा – मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१९ जानेवारी
कालपासून शेवाळ. भाकरी काळपट हिरवी, वास बंदराचा. एका शिपायाच्या पोटात गुबारा धरला. "आ तो दरियानो कचरो छे, साहेब!" वहिनींनी मुकाट्याने ताट संपवलं. म्हणाल्या, "तू केलेल्या पहिल्या पोळीपेक्षा बरी आहे."

३ फेब्रुवारी
आकडे आले. पुडीत शंभरात वीस प्रथिनं आहेत, पण पचायला जड. पाच जणांना साध्या जेवणातली पंच्याऐंशी टक्के पचली, शेवाळातली साठच्या आतबाहेर. आणि वहिनींना साध्याच जेवणातली छप्पन्न! डबेही सगळ्यांत जड त्यांचेच.
मग लक्षात आलं. संक्रांतीपासून क्वार्टर्समध्ये रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू. न मोजलेलं पोटात गेलं की माझं गणित कोसळणारच!

४ फेब्रुवारी
वहिनींना आकडा सांगितला, हळदीकुंकवाला काही खाल्लंत का विचारलं. "नाही रे. दिलेला तिळगूळ पदराला बांधून घरी आणत होते."
"वहिनी, हळदीकुंकवाहून कोरड्या तोंडाने कोणी येतं का? खरं सांगा, मी रागावणार नाही." रागावलो होतोच. त्या हळूच म्हणाल्या, "एवढे कमी आलेत का माझे?"
"तुमच्यामुळे सगळी मेहनत पाण्यात गेली," असं मी म्हणालो. वहिनींना!
माझ्या गाइड सरांना सांगितलं. ते म्हणाले, "काढी नाखो ने, एक ज छे." वहिनींचा आकडा काढून टाकला. पाच जणांवर पेपर लिहायचा.

२ मे
पेपर स्वीकारला! पेढे घेऊन प्रतापनगरला गेलो. वहिनी फार वाळल्यात. पेढा हातात धरून बसल्या होत्या, खाल्ला नाही. उन्हाळा बाधला असेल म्हणून मीच दादाला सांगून आलो.

१७ जून
वहिनी दवाखान्यात. वजन चौतीस किलो. डॉक्टर म्हणतात, आतडी अन्न घेतच नाहीत. चार-पाच महिने आधी कळलं असतं तर औषधांवर निभावलं असतं, आता खात्री देता येत नाही.
मला कळलं होतं! शेवाळाला दोष द्यायलाही जागा नाही, वरणभात खाऊन छप्पन्न आले होते. डॉक्टरांच्या आधी ते माझ्या वहीत होतं, आणि मी त्यावर काट मारली.
दादा बाकावर बसून सांगत होता, "जानेवारीत रोज संध्याकाळी पदरातून तिळगूळ काढून मला द्यायची रे. मी म्हणायचो, अर्धा तू घे. घ्यायची नाही."
म्हणजे खरं बोलत होत्या. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो.

१८ जून
वही उघडली. काट बारीक आहे. खालचा आकडा स्वच्छ वाचता येतो.

२१ जून
आज वहिनींचे पाय धरले. म्हणालो, चुकलो, माझ्या कामासाठी तुम्ही आलात आणि मी तुम्हालाच खोटं पाडलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या कामासाठी नव्हते रे आले. दिवाळीपासून पोटात काही ठरत नव्हतं, आणि सांगायची लाज वाटत होती. म्हटलं, तू डबे तपासणार आहेस, तर तुला आपोआप कळेल."