खेकड्याची पाठ

मिडेलबर्ग, ४ मे १९३६

चि. मारिनस यास याकोमिनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या आद्रियानाचं लग्न जूनच्या सहा तारखेला ठरलं. नातीच्या लग्नात आजी नाचणार का, असं तिच्या आईने, तुझ्या भाचीने, विचारलं. गुडघ्यांना विचारून सांगते म्हटलं. बाबांचं चित्रबोधाचं पुस्तक तुझ्याकडे आहे, ते पाठव. रीतीप्रमाणे नवरीने पवनचक्कीच्या चित्रासमोरचा श्लोक वाचायचा. माझ्या वेळी त्या पानाच्या जागी भोकच निघालं, म्हणून मी तिच्यासाठी दुसरा श्लोक निवडणार आहे. सासूबाई मरेपर्यंत मला 'बिनश्लोकाची नवरी' म्हणत. पोरीला तरी तसं नको. बोलुसचे गोड, चिकट पाव करून ठेवते; दात शिल्लक असतील तर ये.

तुझी ताई

झीरिकझे, ९ मे १९३६

ती. ताईस मारिनसचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चार वेळा फाडलं. खिडकीबाहेर भरती चढते आहे आणि मला आपल्या घरातली पुस्तकाची ती फळी दिसते. तुला आठवतं, बाबा ओले हात पुसूनच पुस्तक उघडत? डावीकडे श्लोक, उजवीकडे चित्र. खेकड्याची आई पोराला सांगते, सरळ चाल. आणि स्वतः तिरकी चालते. ते चित्र मला इतकं आवडे की मास्तरकीच्या शाळेत निघालो त्या सकाळी मी ते तुझ्या शिवणाच्या कात्रीने कापून घेतलं. पंधरा वर्षांचा होतो. पान उलटून पाहिलंच नाही गं. चक्कीचा श्लोक त्याच्याच पाठीवर छापलेला.

तुझ्या लग्नात बाबांनी पुस्तक उघडलं तेव्हा मी दुसऱ्या रांगेत, तोंडात पेपरमिंट घेऊन उभा होतो. कात्री तुझी, म्हणून पान तूच कापलंस असं त्यांनी ठरवलं. रीतीने थोरल्या मुलीकडे जायचं पुस्तक तुला न देता मला दिलं. मारिनस पुस्तकं जपतो, असं सगळ्यांसमोर म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पेपरमिंट चघळत राहिलो.

पुढे ते चित्र चौकटीत घालून एकोणचाळीस वर्षं वर्गात टांगलं. मुलांना विचारायचो, यात चूक कोणाची? मुलं ओरडायची, आईची, मास्तर! तू कधी शाळा बघायला येते म्हणालीस की मी बोट चुकेल, वारा आहे, असं काहीतरी लिहायचो.

काल चौकट उघडली. श्लोक जसाच्या तसा आहे:

एकला दगड फिरे दिनरात,
पीठ न येई कुणाच्या हातात;
दुजा भेटता दाणा फुटे,
भाकरीसाठी जोडी झिजे.

पान परत चिकटवून पुस्तक पाठवू का? मी लग्नाला येऊ नये असं वाटत असेल तर तसं लिही. माफी मागायलाही तोंड उरलं नाही.

तुझा, लाजेने मान खाली घातलेला,
मारिनस

मिडेलबर्ग, १७ मे १९३६

मारिनस,

आशीर्वाद लिहायला हात वळत नव्हता, म्हणून आठ दिवस लागले. बाबा गेले ते माझ्यावर रुसूनच गेले. शेवटच्या आजारात मी सूप भरवताना त्यांनी त्या पानाचं नाव काढलं, आणि मी नाही कापलं म्हटल्यावर भिंतीकडे तोंड फिरवलं. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते, म्हणजे तुझ्याही वाट्याला येईल.

पान चिकटवू नकोस. हातात घेऊन ये. आद्रियानाच्या आधी मी श्लोक वाचणार. माझा नवरा याकोब आता नाही, पण त्याची खुर्ची ठेवायला सांगितली आहे. वाचून झालं की मी पान उलटं करून तुझ्या हातात देईन. मग तू सगळ्या मंडळींना खेकडा दाखवायचास, आणि मुलांना विचारायचास तोच प्रश्न विचारायचास. उत्तरही तूच द्यायचंस, मोठ्याने, मास्तर. त्यानंतर पुस्तक पोरीचं.

बोलुस झाकून ठेवीन. बोटीवरून उतरलास की सरळ घरी ये.

अजून तरी तुझीच,
ताई