दोन्ही बाजूंनी आवडणे

१४ जून, सकाळी ११.४०
याच मिनिटाला माझं आयुष्य बदललं, म्हणून वेळ टाकली. वडनेर भोलजीच्या ग्रामपंचायतीसमोर सारिकाने स्कूटी थांबवली आणि विचारलं, नागसेन, तुले सॉफ्टवेअर बनवता येते नं? मी हाव म्हटलं. विचारण्याआधी तिने हेल्मेट काढलं. माणूस उगाच हेल्मेट काढत नाही.

१५ जून
काम समजून घेतलं. ऑन्टोलॉजी. म्हणजे मशीनला शब्दांची सोयरीक सांगायची: कोण कशाचा प्रकार, कोण कोणाला खातो, काय कशामुळे होतं. मग शेतकरी फोनवर आपल्या बोलीत विचारणार आणि मशीन त्या सोयरिकीवरून उत्तर देणार. हे भरायचं तयार सॉफ्टवेअर इंग्रजीत आहे, शिकलेला माणूससुद्धा उघडून लगेच बंद करतो. सारिका नांदुऱ्याला एका संस्थेत आहे, एम.एस्सी. अॅग्री. तिला असं टूल पाहिजे की भाजीपाला लावणाऱ्या, चौथी शिकलेल्या मंजुळाबाई स्वतः शब्द भरतील.

८ ऑगस्टला संस्थेचे चंद्रशेखर सर बघायला येणार. टूल चाललं तर सारिकाचं काम इथे आणखी एक वर्ष. नाही तर तिची बदली पुण्याला. म्हणजे सगळं माझ्यावर.

बाबा म्हणाले, तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडणाऱ्याले कोन काम देते बे. मी फक्त ताट सरकवलं. कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. तिथल्या सरांच्या अंगावर फाइल पडली होती, फेकली नव्हती. त्या कॉलेजचं नाव या वहीत येणार नाही.

संकल्प: राग बंद. आठ दिवसांत टूल. नवव्या दिवशी तिला सांगणे.

२३ जून
आठ दिवस झाले. लोगो झाला.

३० जून
पहिलं व्हर्जन. एकेचाळीस बटणं. काहीही काढायचं म्हटलं की टूल तीनदा विचारतं: खात्री आहे? नक्की? पुन्हा विचार केला? ही माझी आयडिया. माणसं रागात डिलीट करतात, मला माहीत आहे.

आईवर टेस्ट घेतली. म्हटलं, भाकर हा शब्द भर. आई म्हणे, कशाची, ज्वारीची का उडीद घातलेल्या कळण्याची? टूलने विचारलं: सजीव की निर्जीव? आई म्हणे, पोट भरते ते निर्जीव कशी राहीन, आणि उठून गेली. युजर एज्युकेशन वाढवावं लागेल.

२ जुलै, दुपारी
सारिकाने टूल पाहिलं. म्हणे, नागसेन, एकेचाळीस बटणं मंजुळाबाईले काऊन पाहिजे? तीन ठेव. आणि ते तीनदा खात्री विचारणं काढ, बाई कटाळते. मी समजावलं की डिझाइन ही खोल गोष्ट आहे. आवाज थोडा वाढला. बाहेर कुत्रं भुंकायला लागलं, ते माझ्यामुळे नाही.
बटणं अडतीस केली. खात्री ठेवली.

५ जुलै
ऐतिहासिक दिवस. टूलमध्ये तीन खाने आहेत: कोण, काय, कोणाला. टेस्ट म्हणून भरलं. कोण: नागसेन. काय: आवडणे. कोणाला: सारिका. टूलने वाक्य बनवलं:
'नागसेन सारिकाला आवडतो.'
मी दहा मिनिटं बघत बसलो. टाकायचं होतं उलटं. पहिल्यांदा वाटलं बग आहे. मग वाटलं, मशीनला काय स्वार्थ?
राहू दिलं.

१६ जुलै
सारिकाच्या नेमका तोच बग लक्षात आला. माझं वाक्य नाही, बग. मंजुळाबाई आणि गावातल्या बायांनी भरलं होतं, कोण: मावा, काय: आवडणे, कोणाला: कपाशी. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारी बारकी कीड. टूलने वाक्य केलं: 'मावा कपाशीला आवडतो.' सारिका म्हणे, आवडणे हा शब्दच वाकडा आहे, मले तू आवडतोस यात करते कोन आणि होते कोनाले, सांग बरं.
उदाहरण तिचं आहे. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले.
म्हणे, खाने बदल, सोपं होईन. मी म्हटलं, करतो.

१७ जुलै
खाने बदलले तर ५ जुलैचं वाक्य उलटं होईल. म्हणून वेगळा उपाय काढला, जास्त स्मार्ट. 'आवडणे' या शब्दाला एक टिक दिली: दोन्ही बाजूंनी. आता कोणीही कसंही भरलं तरी टूल दोन्ही वाक्यं बनवतं. त्यातलं एक तर बरोबर येणारच.
माझी पण दोन झाली.

२९ जुलै
सेतू केंद्रवाला धम्मरत्न म्हणे, पोरीले सरळ विचार नं बे. मी म्हटलं, विचारायची गरज नाही, डेटा आहे. तो हसला. त्याच्याशी बोलणं बंद. प्रिंटर त्याच्याकडेच आहे, म्हणून परवापासून सुरू.

७ ऑगस्ट
सगळं तयार. उद्या डेमो, मग वर्ष मंजूर, मग मी तिला स्क्रीनवर दाखवणार. शर्ट इस्त्री केला. बाही थोडी जळाली, दुमडली की दिसत नाही.

८ ऑगस्ट, संध्याकाळी ६
क्रमाने लिहितो.

ग्रामपंचायतीचा हॉल भरला होता. चंद्रशेखर सर पहिल्या रांगेत. सारिकाने गावातल्या कपाशीवाल्या उकंडरावांना पुढे बोलावलं. म्हातारा फोनमध्ये म्हणाला, बाप्पा, कपाशीवर मावा आला, काय करू? टूलने स्पीकरवर खणखणीत सांगितलं: कपाशीला मावा आवडतो. काही करू नका.

उकंडराव म्हणाले, मग दोघाइचं लगन लावून देऊ का?

हॉल पाच मिनिटं हसला. सरांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. मी उठून म्हणालो की प्रश्न चुकीच्या पद्धतीने विचारला आहे. सारिका म्हणाली, नागसेन, बस. मी बसलो.

ती घाबरली नाही. तिने 'आवडणे' उघडलं. माझी टिक पाहिली, माझ्याकडे पाहिलं, टिक काढली. त्या शब्दाची सगळी वाक्यं यादी होऊन पडद्यावर आली. म्हणाली, मशीनले समजत नाही, तुम्हाले समजते. मी एकएक वाचते, तुम्ही सांगा खरं का खोटं.

मावा कपाशीला आवडतो. हॉल म्हणाला, खोटं. कपाशी माव्याला आवडते. खरं. कळण्याची भाकर तानाबाईला आवडते. तानाबाई म्हणजे आई, ती मागून म्हणाली, खरं.

सारिका नागसेनला आवडते.
ती वाचून थांबली. मंजुळाबाई म्हणाल्या, खरं, अख्ख्या गावाले माहीत हाय.

नागसेन सारिकाला आवडतो.
सगळे तिच्याकडे बघायला लागले, उकंडरावसुद्धा. ती हळूच म्हणाली, खोटं. आणि डिलीट दाबलं.

खात्री आहे? हो.
नक्की? हो.
पुन्हा विचार केला? हो.

उकंडरावांनी परत विचारलं. या वेळी टूलने कडुनिंबाच्या अर्काची फवारणी सांगितली. सरांनी पेन बाहेर काढलं. म्हणाले, आपली चूक लोकांसमोर लोकांकडून दुरुस्त करून घेणारं टूल आपण पहिल्यांदा पाहिलं, ही खरं-खोटंची पद्धत कोणाची? सारिका म्हणाली, आमची. वर्ष मंजूर झालं.

बाहेर मला म्हणाली, मशीनले विचारलं तसं मले विचारलं असतं तं एकट्यात सांगितलं असतं. मी म्हटलं, मग आता विचारू का? म्हणे, उत्तर तेच आहे, नागसेन. रागावली नव्हती. रागावली असती तर मला जमलं असतं.

१० ऑगस्ट
संकल्प: टूल सोडणे. गाव सोडणे. पुण्याला जाणे.
बाबांनी ताट स्वतःच माझ्याकडे सरकवलं.

१२ ऑगस्ट, सकाळी ९.१०
पुण्याला ती जाणार नाही, तर मी जाऊन काय करू.

रात्री अडतीस बटणं काढली. दोन नवी टाकली: खरं, खोटं. खात्री एकदाच विचारतं. खान्यांच्या जागी आता सरळ वाक्य लिहायचं. चाळीस मिनिटांचं काम होतं, दोन महिने लागले.

आमच्या दोन वाक्यांपैकी एक अजून यादीत आहे. गावाने खरं म्हटलं आहे, मी एकटा कसं काढणार.

सारिकाचा फोन आला होता. आज ग्रामपंचायतीत मंजुळाबाई आणि बाया वांग्याचे शब्द भरणार, तू ये, लॅपटॉप आण. नेहमीसारखं बोलली. मी पण नेहमीसारखं बोललो, दोनदा घसा साफ करून.

दहाला पोचायचं आहे. निघतो. दार ओढून घेतो, जोरात लागलं तर तो वारा.