कालचा मूठभर खिमा

प्रिय धाकटे,

काल फोनवर मी तुला शनिवारी येऊ नका म्हणाले आणि गुडघ्यांचं कारण पुढे केलं. तू चिडलीस, ते बरोबरच होतं. वाढदिवस मामाच्या हॉटेलात करायचा हे तुझ्या मुंगीने स्वतः ठरवलेलं. आजीचे गुडघे दुखतात म्हणून मामाचा बर्गर रद्द, हे कुठल्या पोरीला पटेल? गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नाही. मुंगीने तुझ्या दादाच्या हातचा बर्गर खाऊ नये असं मला वाटतं, हे कारण आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली. आता लिहून झालंच आहे, तर बाकीचंही सांगते. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच रडली असतीस, मग मी रडले असते, आणि सांगायचं राहून गेलं असतं.

तू सासरी गेल्यापासून इथे एक खूळ शिरलंय. गावात सगळ्यात चांगला बर्गर कुठे मिळतो, यावर समोरच्या न्हाव्याच्या दुकानात रोज खडाजंगी चालते. न्हावी पुलाजवळच्या हॉटेलाच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, बर्गरचा अर्धा जीव पावात असतो, आणि पाव भाजावा तर पुलाजवळच्यांनीच. शेजारचा घड्याळवाला आपल्या बाजूचा. तो म्हणतो, पाव काय, पाव म्हणजे बर्गरचं पाकीट, कुणी पाकीट चाटतं का? खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या एका गालाला फेस तसाच सुकतो आणि न्हावी वस्तरा हवेत धरून कांदा किती जाड चिरावा यावर भाषण देत राहतो. साप्ताहिकवाल्यांनीही वाचकांची मतं मागवली होती. आपलं हॉटेल पहिलं आलं. ते कात्रण तुझ्या दादाने गल्ल्यामागे चिकटवलंय. त्यात छापलंय, आतून गुलाबी, चावला की रस कोपरापर्यंत. दादा ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवत नाही, पण त्यांची नजर तिकडे जाईल अशा बेताने उभा राहतो. मला हसू यायचं. आता येत नाही.

तुझ्या बाबांचा बर्गर असा नव्हता, हे तुला आठवत असेल. हाच न्हावी त्यांना तोंडावर सांगायचा की तुमच्या टिक्कीने चपलेला नवा तळ लावता येईल. बाबा चिडायचे नाहीत. ज्याला रस हवाय त्याने संत्रं खावं, म्हणायचे, आणि उलथन्याने टिक्की तव्यावर आणखी दाबायचे. कडा काळ्या झाल्याशिवाय त्यांच्या हातून ती सुटायचीच नाही. त्यांची दुसरी सवय तुला ठाऊक नसेल, कारण ती हॉटेल बंद करतानाची. खिम्याचं भांडं ते कधी रिकामं करायचे नाहीत. तळाशी मूठभर ठेवायचे, झाकून फ्रीजमध्ये ठेवायचे, आणि सकाळी ताजा खिमा काढला की कालची मूठ त्यात कालवायचे. त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, चव पुढे चालत राहते म्हणून. मी एकदा विचारलं, ही चव कुठे चाललीय? म्हणाले, माझ्यानंतर पोराकडे. हे गमतीत म्हणाले होते.

बाबा गेल्यावर दादाने ती मूठ सोडली नाही. पहिलं वर्ष त्याने सगळं बाबांसारखंच केलं आणि गिऱ्हाईक पुलाकडे सरकत गेलं. रोज संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानातला निकाल रस्ता ओलांडून आपल्याकडे यायचा: कोरडा, बापासारखाच. तुझा दादा बोलत नाही, पण जेवताना त्याचा जबडा कसा हलतो त्यावरून मला कळतं. मग त्याने आच कमी केली, टिक्की जाड केली, मधोमध कच्चट गुलाबी ठेवायला लागला. लोक परतले. एक सवय बापाची, एक स्वतःची, दोन्ही तो मन लावून सांभाळतो. पोरगं आळशी असतं, घाणेरडं असतं, तर मला हे पत्र लिहायला एवढं जड गेलं नसतं. त्याचा ओटा माझ्या ओट्यापेक्षा स्वच्छ असतो गं.

मी सकाळी हॉटेलात कांदे सोलायला बसते. ते संपले की वाचते. वाचनालयवाले फाटकी पुस्तकं टाकून देतात ती मी उचलून आणते, त्यामुळे माझं वाचन कशाचंही असतं, कधी राजांचं, कधी मधमाश्यांचं. तसंच एक खाण्यापिण्यातून होणाऱ्या आजारांचं हाती लागलं, मागची पानं गेलेलं. त्यात होतं की मांसाच्या अख्ख्या तुकड्याला जी घाण असते ती वरवर असते, आच लागली की मरते. खिमा केला की वरचं आत जातं, आणि आतून कच्चं राहिलं तर तिथे जिवंत राहतं. मी पुस्तक मिटलं आणि समोर तव्याकडे बघत बसले. बाबांची मूठ बाबांच्या तव्यावर करपून जायची. हे मूठभर आता करपत नाही. त्यात एकदा काही शिरलं की ते उद्याच्या खिम्यात जाणार, तिथून परवाच्या, आणि ते थांबवायला कुणीच नाही. माझं चुकत असेल. चुकावं असं मला फार वाटत होतं.

आधी घड्याळवाला आजारी पडला. पोटात मुरडा, मग आडवाच झाला. उठला तेव्हा शर्टात माणूस शोधावा लागत होता, तरी न्हाव्याशी वाद घालायला पहिल्यांदा आला तो आपलाच बर्गर हातात घेऊन. सगळे म्हणाले, वयाचं आहे, पाण्याचं आहे. मग पलीकडच्या गल्लीतल्या शिक्षिकेचा मुलगा. मुंगीएवढाच. आधी शौचाला रक्त, दोन दिवसांनी तोंड सुजलं, लघवी थांबली, मोठ्या इस्पितळात नेला. मी भेटायला गेले. तो झोपला होता आणि कुठल्याशा यंत्राचा बारीक आवाज येत होता. शिक्षिकेने माझा हात धरला. म्हणाली, आजारी पडायच्या दोन-तीन दिवस आधी तुमच्याकडचा बर्गर त्याने अख्खा संपवला हो, कधी संपवत नाही, बरा झाला की पहिल्यांदा तिथेच नेणार आहे. डोक्यावरून हात फिरवला त्याच्या आणि आले. परतताना आपल्या दारात रांग होती. त्यात दोन बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या बाजूने आत गेले आणि कांदे सोलायला बसले. दुसरं काय करायचं ते सुचेना.

त्या संध्याकाळी दादाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, रागावला नाही. म्हणाला, आई, गावात तीन हॉटेलं आहेत, आइस्क्रीमच्या गाड्या आहेत, नळाचं पाणी आहे, माझंच कशावरून? तरी त्याने माझ्यासाठी दोन दिवस टिक्की पूर्ण भाजली. समोरून निरोप आला, बाप परत आला वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुलाबी. मग मी म्हटलं, बरं, तुझी आच तुझ्यापाशी, निदान ती मूठ तरी फेक. त्याने भांड्यावरचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला,

"बाबांच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे. तेही टाकू?"

धाकटे, मी त्यांची बायको आहे. त्यांचा कोट अजून खिळ्यावर आहे, तो मी धुतलेला नाही. मला त्याचं म्हणणं कळलं नसेल असं समजू नकोस. तरी दुसऱ्या दिवशी तो मंडईत गेला तेव्हा मी भांडं कचऱ्यात उपडं केलं आणि उकळत्या पाण्याने घासून पालथं घातलं. वाटलं, संपलं. तो आला, भांडं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बर्फाच्या कप्प्यातून एक स्टीलचा डबा काढला. बाबा गेले त्या दिवशी भांड्यात उरलेलं त्याने त्यात जपून ठेवलं होतं. तेव्हापासून रोज बंद करताना त्याच डब्यात थोडं घालायचा, थोडं काढायचा. माझ्यासमोर त्याने त्यातलं मूठभर ताज्या खिम्यात कालवलं, हळुवारपणे, तान्ह्याला न्हाऊ घालावं तसं. त्या संध्याकाळपासून हॉटेलची किल्ली खुंटीवर नसते, त्याच्या गळ्यात असते. काल त्याने मुंगीच्या वाढदिवसासाठी लहान पाव मुद्दाम सांगून ठेवले. तिच्या हातात मावतील असे.

म्हणून आज हे पत्र टपालात टाकून मी तिथूनच आरोग्य खात्याच्या कचेरीत जाणार आहे. डब्याबद्दल सांगेन, शिक्षिकेच्या मुलाबद्दल सांगेन, आणि माझं नाव लपवू नका म्हणून सांगेन. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा आपल्या दाराला कुलूप असेल आणि रस्त्यापलीकडे सगळ्यांना सगळं ठाऊक झालेलं असेल. त्या मुलाचं काय होतं त्यावर तुझ्या दादाचं पुढे काय होतं ते ठरेल. दोन्हींतलं काहीच माझ्या हातात नाही. दादा माझ्याशी बोलणार नाही, आणि त्याला दुसरं कुणी नाही, तेव्हा तो तुझ्याकडे येईल. त्यासाठी हे पत्र. त्याला दारात उभा ठेवू नकोस. जावईबापूंनाही सांगून ठेव, काही विचारू नका म्हणावं. तो मला काय वाटेल ते बोलेल, बोलू दे, तू मध्ये पडू नकोस. आईचं बरोबर होतं असं त्याच्यासमोर एकदाही म्हणू नकोस, पुढे कधी ते खरं ठरलं तरी. माझी बाजू घेऊ नकोस गं. त्याला जेवायला वाढ, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहा.

तुझीच, आणि त्याचीही तितकीच,
आई