राणीच्या गळ्यातले पैसे

बजाजनगर,
१२ डिसेंबर २००९

चि. नानाभावजी यांस
आवडावहिनीचे आशीर्वाद.

मी बरी आहे. थंडीनं गुडघे धरतात, तरी कंपनीतल्या पोरांचे डबे चालू आहेत. औरंगपुऱ्यात तुम्ही सगळे खुशाल असाल.

मालिका पाहिली. शेजारच्या जाहेदाकडे टीव्ही मोठा आहे. देवगिरीची राणी सज्जात आली आणि तिच्या गळ्यात आपल्या देव्हाऱ्यातल्या देवीचा हार. जाहेदा म्हणाली, "राणी असून तांब्याचे पैसे? नवरा लईच कंजूष दिसतो." मीही हसले. शेवटी लेखक म्हणून तुमचं नाव आलं. राणीनं आपल्या घराण्याच्या मूळपुरुषाला तो हार दिला, असं तुम्ही सत्कारात सांगितल्याचं पेपरात वाचलं.

सासूबाईंनी तुम्हाला तसंच सांगितलं होतं. लहानपणी तुम्ही हाराला हात लावला की म्हणायच्या, "नाना, ठिव. राणीचा हाय तो." लेकराला दुसरं काय सांगणार होत्या?

पैशांवरचा शेंदूर खरवडून बघा. खाली उर्दू अक्षरं आहेत. निजामाचे पैसे आहेत ते. बाजारात चालेनासे झाले तरी भोक पाडून पोरांच्या करदोड्यात ओवायला घरात ठेवले होते. पोर मोठं झालं की पैसा परत डब्यात. जे मोठं झालं नाही, त्याचा पैसा देवीच्या हारात. ओवायचा बायकांनी. पुरुषांना सांगायचं नाही.

पहिले दोन सासूबाईंच्या पोरांचे. त्यातला एक तुमच्या पाठच्या भावाचा. शेवटचा माझ्या भागूचा. तिला तो तोंडात धरायची सवय होती.

तुमचे दादा गेले तेव्हा मी घर मागितलं नाही, शेत मागितलं नाही. तो एक पैसा मागितला. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "निपुत्रिक बाईनं देव्हाऱ्याला हात लावू नये." मी पिशवी उचलली.

परवा तुमच्या सूनबाईचा फोन आला. गोड बोलते. म्हणाली, "मोठ्या आई, ओटभरणाला तुम्ही आला नाहीत. बाबांनी स्वतः राणीचा हार माझ्या गळ्यात घातला. बाळंत होईपर्यंत काढायचा नाही म्हणाले."

मी म्हटलं, जप. एवढंच.

ओटभरणाची पत्रिका मला आली होती. सुनेला राणीचा हार घालणार, हेही त्यात छापलेलं होतं. तेव्हाच कळवता आलं असतं. कागद घेऊन बसलेही होते. मग तुमचा आवाज आठवला आणि कागद घडी करून ठेवला.

पोरीचा काही दोष नाही. ते मला कळतं, म्हणून आज लिहिते. पण तिला मी सांगणार नाही. तिच्या गळ्यातला हार तुम्हीच काढा, आणि का काढला ते तिच्या आईबापासमोर तुमच्याच तोंडानं सांगा. कुठलीही राणी नव्हती, हेही सांगा. नसेल जमत तर राहू द्या. तिचे दिवस भरेपर्यंत रोज ताटावर बसताना तिच्या गळ्याकडे बघा.

हार काढलात तर माझ्याकडे पाठवा. भागूचा पैसा कोणता, तुम्हाला ओळखू येणार नाही. सगळेच पाठवा.

भागूची आई,
आवडा